पेनड्राइव्हवरून लिनक्स टाकताना ‘अननोन फाइलसिस्टिम टाइप’: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

हे पान डेबियन, उबुंटू, फेडोरा, आर्च आणि त्यांच्या भावकीतल्या डिस्ट्रोंसाठी (लिनक्सच्या तयार आवृत्त्यांसाठी) आहे. फाइलसिस्टिम म्हणजे डिस्कवर फाइली मांडून ठेवण्याची पद्धत; ती ओळखता आली नाही की हा एरर येतो. कमांड आणि एरर इथे उच्चाराप्रमाणे देवनागरीत दिल्या आहेत. टर्मिनलवर त्या इंग्रजी लहान अक्षरांतच टाइप करायच्या; जिथे मोठं अक्षर हवं तिथे तसं सांगितलं आहे. ‘/डेव्ह/एसडीबी’ हे नाव उदाहरणापुरतं आहे. तुमच्या मशीनवर पेनड्राइव्ह एसडीए किंवा एसडीसी असू शकतो, आणि चुकीच्या नावावर लिहिलंत तर त्या डिस्कवरचा डेटा गेलाच म्हणून समजा.

ज्या पेनड्राइव्हवरून मेनू आला, तोच पेनड्राइव्ह पुढे इन्स्टॉलरला सापडत नाही. हे कसं काय?

मेनू दाखवणारा प्रोग्रॅम वेगळा आणि पुढे शोधणारा वेगळा. एकाला जे वाचता येतं ते दुसऱ्याला येईलच असं नाही. पेनड्राइव्ह एकूण तीनदा वाचला जातो. आधी मदरबोर्डचं फर्मवेअर वाचतं. यूईएफआय या फर्मवेअरच्या मानकाप्रमाणे त्याला फॅट ही फाइलसिस्टिम यायलाच हवी; एनटीएफएस किंवा एक्सफॅट येणं ही बोर्ड बनवणाऱ्याची मर्जी. मग येतो ग्रब, म्हणजे मेनू दाखवणारा बूटलोडर. त्याची स्वतःची छोटी मॉड्यूलं (एकेक फाइलसिस्टिम वाचणारे जोडभाग) असतात: फॅट, एक्सफॅट, एनटीएफएस, आयएसओ 9660, बीटीआरएफएस, एक्सएफएस, आणि ईएक्सटी2 नावाचं एक, जे ईएक्सटी3 आणि ईएक्सटी4 सुद्धा वाचतं. लिनक्स कर्नलशी, म्हणजे लिनक्सच्या गाभ्याशी, या मॉड्यूलांचा काडीचाही संबंध नाही. ग्रब कर्नल आणि इनिटरॅमएफएस (सुरुवातीपुरती मेमरीत राहणारी छोटी सिस्टिम) उचलून मेमरीत ठेवतो आणि बाजूला होतो.

तिसऱ्यांदा कर्नल पेनड्राइव्हकडे नव्याने बघतो. त्याला तेवढंच येतं जेवढं त्याच्या आत बांधलेलं आहे किंवा त्या इनिटरॅमएफएसमध्ये मॉड्यूल म्हणून भरलेलं आहे. बाकीची सगळी मॉड्यूलं पेनड्राइव्हवरच्या स्क्वॉशएफएस फाइलमध्ये (दाबून ठेवलेल्या पूर्ण सिस्टिममध्ये) असतात, आणि पेनड्राइव्ह तर अजून उघडलेलाच नाही. किल्ली कपाटात आणि कपाटाला कुलूप, असा हा प्रकार.

म्हणून कोणताही उपाय करण्याआधी घोडं नेमकं कुठे पेंड खातंय ते ठरवा. चुकीच्या टप्प्यावर केलेला उपाय कितीही बरोबर असला तरी लागू पडत नाही.

कोणत्या टप्प्यावर अडकलं ते कसं ओळखायचं?

स्क्रीनवरच्या मजकुरावरून.

बूट मेनूत पेनड्राइव्ह दिसतच नाही, किंवा निवडल्यावर मशीन सरळ विंडोजमध्ये जातं: अडचण फर्मवेअरपाशी. काळ्या पडद्यावर ‘एरर: अननोन फाइलसिस्टिम’ आणि खाली ‘ग्रब रेस्क्यू’: ग्रबपाशी.

कर्नलच्या ओळी सरसर वर गेल्या आणि मग ‘अनेबल टु फाइंड अ मीडियम कंटेनिंग अ लाइव्ह फाइल सिस्टिम’ असं म्हणून ‘इनिटरॅमएफएस’चा प्रॉम्प्ट आला, तर तो लाइव्ह सिस्टिम उभी करणारा प्रोग्रॅम आहे, उदाहरणार्थ उबुंटूचा कॅस्पर. फेडोरा अशा वेळी ‘ड्रॅकट-इनिटक्यू’ (ड्रॅकट हे त्याचं इनिटरॅमएफएसचं साधन) टाइमआउटची तक्रार बराच वेळ छापत बसतो. आर्च ठरावीक डिव्हाइस 30 सेकंदांत आलं नाही म्हणतो. डेबियनचा इन्स्टॉलर सीडी-रॉम सापडत नाही म्हणतो, मशीनला सीडी ड्राइव्ह नसला तरी. तो ‘इन्स्टॉलेशन मीडिया’ या अर्थाने तसं म्हणतो, सीडी शोधत बसू नका. या सगळ्या तिसऱ्या टप्प्याच्या खुणा.

इनिटरॅमएफएसचा प्रॉम्प्ट मिळाला. आता काय टाइप करू?

चार गोष्टी, याच क्रमाने.

1. ‘कॅट /प्रॉक/पार्टिशन्स’. पेनड्राइव्हच्या आकाराची ओळ आहे का बघा. आकडे 1 केबीच्या ब्लॉकमध्ये असतात, म्हणजे 16 जीबीच्या पेनड्राइव्हसमोर साधारण दीड कोटीचा आकडा येतो. ओळच नसेल तर फाइलसिस्टिमचा प्रश्न नाही, यूएसबीचा आहे. त्याबद्दल खाली वेगळा प्रश्न आहे.
2. ‘बीएलकेआयडी’. प्रत्येक पार्टिशनसमोर ‘टाइप’ दिसेल: व्हीफॅट, एक्सफॅट, एनटीएफएस, आयएसओ9660. काहीच टाइप आला नाही तर पेनड्राइव्ह नीट लिहिला गेलेला नाही.
3. ‘मॉडप्रोब’ आणि पुढे तो टाइप, उदाहरणार्थ ‘मॉडप्रोब एक्सफॅट’. काहीही न छापता प्रॉम्प्ट परत आला तर मॉड्यूल चढलं. नंतर ‘कॅट /प्रॉक/फाइलसिस्टिम्स’मध्ये ते नाव दिसायला हवं. ही यादी मॉडप्रोबच्या आधी बघून निष्कर्ष काढू नका, कारण तिच्यात फक्त चढलेली मॉड्यूलं दिसतात, उपलब्ध असलेली सगळी नाही.
4. ‘एमकेडीआयआर /एमएनटी’ आणि मग ‘माउंट -टी एक्सफॅट /डेव्ह/एसडीबी1 /एमएनटी’. माउंट म्हणजे पार्टिशन एखाद्या फोल्डरवर उघडणं. फसलं तर लगेच ‘डीमेसग’च्या (कर्नलच्या नोंदींच्या) शेवटच्या दहा ओळी वाचा. माउंटचा एरर मोघम असतो, कर्नल मात्र नेमकं कारण लिहून ठेवतो.

डेबियनच्या इन्स्टॉलरमध्ये हाच शेल ऑल्ट+एफ2 ने मिळतो आणि लॉग ऑल्ट+एफ4 वर चालू असतो. ग्राफिकल इन्स्टॉलर असेल तर सोबत कंट्रोल दाबा. फेडोराच्या इन्स्टॉलरमध्ये कंट्रोल+ऑल्ट+एफ2.

डेबियनमध्ये पेनड्राइव्ह हाताने ‘/सीडीरॉम’ या फोल्डरवर माउंट करून इन्स्टॉलरच्या स्क्रीनवर परत गेलात आणि तोच टप्पा पुन्हा चालवलात, तर बहुतेक वेळा गाडी पुढे सरकते.

माउंट म्हणतं ‘नो सच डिव्हाइस’, पण पेनड्राइव्ह तर /डेव्ह मध्ये दिसतोय!

या एररने भल्याभल्यांना चकवलंय. इनिटरॅमएफएसमधलं बिझीबॉक्स या आटोपशीर कमांडसंचाचं माउंट कर्नलचा एरर जसाच्या तसा छापतं. ‘नो सच डिव्हाइस’ याचा इथे अर्थ ‘या नावाची फाइलसिस्टिम मला माहीत नाही’. पूर्ण सिस्टिमवरचं माउंट हाच एरर ‘अननोन फाइलसिस्टिम टाइप’ असा लिहितं. डिव्हाइसच खरोखर नसेल तर एरर ‘नो सच फाइल ऑर डिरेक्टरी’ असा येतो.

‘इनव्हॅलिड आर्ग्युमेंट’ आला, किंवा मोठ्या माउंटचा ‘राँग एफएस टाइप, बॅड ऑप्शन, बॅड सुपरब्लॉक’ हा लांबलचक एरर आला, तर गोष्ट वेगळी. मॉड्यूल बहुधा आहे, पण त्याला समोरचं पार्टिशन पटलेलं नाही: चुकीचं पार्टिशन, खराब सुपरब्लॉक (फाइलसिस्टिमची मूळ नोंद), न कळणारं फीचर किंवा न सापडलेलं कोडपेज (अक्षरतक्ता). तिथे मॉड्यूल शोधत फिरण्यात अर्थ नाही.

मॉडप्रोब म्हणतं मॉड्यूल सापडत नाही. ते त्या कर्नलसोबत यायला हवं ना?

‘युनेम -आर’ चालवा आणि मग ‘एलएस /लिब/मॉड्यूल्स’. दोन्हीकडचा आकडा शेवटच्या अंकापर्यंत तंतोतंत जुळायला हवा. 6.1.0-21 आणि 6.1.0-22 हे मॉड्यूलच्या दृष्टीने दोन वेगळे कर्नल आहेत.

डेबियनच्या नेटबूट (बाकीचं सगळं नेटवरून आणणाऱ्या) इन्स्टॉलरमध्ये हे हमखास घडतं. तुम्ही काही महिन्यांपूर्वी उतरवलेला कर्नल बूट होतो, तो मिररवरून (डेबियनच्या पॅकेज सर्व्हरवरून) स्वतःसाठी मॉड्यूलं मागवतो, आणि तोवर मिररवर नवा कर्नल आलेला असतो. ‘नो कर्नल मॉड्यूल्स वेअर फाउंड’ असा इशारा येतो. तिथे ‘पुढे जा’ निवडू नका. पुढे डिस्क दिसणार नाही किंवा ईएक्सटी4 माउंट होणार नाही, आणि मग ती वेगळीच अडचण वाटते. ताजं नेटबूट उतरवा, किंवा नेटइन्स्ट आयएसओ (इन्स्टॉलेशन डिस्कची एकसंध फाइल) घ्या. त्यात कर्नल आणि मॉड्यूलं एकाच घाण्यातली असतात.

आर्चमध्ये याचीच एक चिवट आवृत्ती आहे. अपडेटमध्ये कर्नलचं पॅकेज बदललं की चालू असलेल्या कर्नलची मॉड्यूलं डिस्कवरून पुसली जातात. त्यानंतर रीबूट न करता पेनड्राइव्ह लावला की ‘अननोन फाइलसिस्टिम टाइप व्हीफॅट’. रीबूट केलं की प्रश्न मिटतो. पण अपडेटच्या वेळी फॅटमधलं बूट पार्टिशन माउंटच झालेलं नसेल तर रीबूटनेही सुटत नाही: नवा कर्नल रूट (मुख्य) पार्टिशनवरच्या रिकाम्या बूट फोल्डरमध्ये जाऊन पडतो, मशीन जुनाच कर्नल उचलतं, त्याची मॉड्यूलं आता नाहीत, म्हणून व्हीफॅट चढत नाही, म्हणून बूट पार्टिशन माउंट होत नाही, आणि तुम्ही इमर्जन्सी मोडमध्ये. लाइव्ह पेनड्राइव्हवरून बूट करा, रूट माउंट करा, त्यावर बूट पार्टिशन माउंट करा, ‘आर्च-सीएचरूट’ने त्या इन्स्टॉल केलेल्या सिस्टिमच्या आत जा आणि कर्नलचं पॅकेज पुन्हा टाका. मग एफएसटॅबमध्ये (आपोआप माउंट होणाऱ्या पार्टिशनांच्या यादीत) बूटची ओळ आहे का तेही बघून घ्या.

पेनड्राइव्ह आधी कशात फॉरमॅट करू: फॅट32, एक्सफॅट की एनटीएफएस?

आयएसओ जसंच्या तसं लिहिणार असाल तर कशातही करू नका. आधीचं फॉरमॅट पुसलंच जाणार आहे. आजच्या जवळपास सगळ्या डिस्ट्रोंची आयएसओ हायब्रिड असतात: तीच फाइल डीव्हीडीवर जाळली तरी चालते आणि पेनड्राइव्हवर बाइट न् बाइट उतरवली तरी चालते. पेनड्राइव्हवर मग आयएसओ 9660 आणि एक छोटं फॅटचं ईएफआय पार्टिशन तयार होतं. इन्स्टॉलरच्या इनिटरॅमएफएसमध्ये आयएसओ 9660 असतंच, कारण त्याच्याशिवाय तो डीव्हीडीवरूनही चालला नसता. म्हणून आमचं मत स्पष्ट आहे: फाइलसिस्टिमची कटकट नको असेल तर हाच मार्ग.

लिनक्सवर: ‘डीडी आयएफ=डेबियन.आयएसओ ओएफ=/डेव्ह/एसडीबी बीएस=4एम कॉन्व्ह=एफसिंक स्टेटस=प्रोग्रेस’. शेवटी एसडीबी, एसडीबी1 नव्हे. ‘बीएस’मधला एम तेवढा मोठा. पार्टिशनच्या आत लिहिलंत तर पार्टिशन टेबल जुनंच राहतं आणि बूट होत नाही. लिहिण्याआधी पेनड्राइव्ह अनमाउंट करा, आणि लिहून झाल्यावर प्रॉम्प्ट परत येईपर्यंत काढू नका. स्वस्त पेनड्राइव्हवर शेवटची काही मिनिटं प्रोग्रेस थांबल्यासारखा दिसतो. तेव्हा मेमरीतला डेटा खाली उतरत असतो.

विंडोजवर पेनड्राइव्ह बनवणारं रूफस विचारतं ‘आयएसओ मोड की डीडी मोड?’

डीडी मोड म्हणजे वरचाच प्रकार. आयएसओ मोडमध्ये रूफस पेनड्राइव्ह फॅट32 किंवा एनटीएफएसमध्ये फॉरमॅट करून आतल्या फाइली त्यावर कॉपी करतं. फायदा असा की उरलेली जागा वापरता येते. तोटे तीन.

फॅट32 मध्ये एक फाइल 4 जीबीपेक्षा एक बाइट कमी, एवढीच मोठी असू शकते. आतली एखादी फाइल याच्या पुढे गेली की रूफस एनटीएफएसकडे वळतं. मग फर्मवेअरला एनटीएफएस वाचता यावं म्हणून ते ‘यूईएफआय:एनटीएफएस’ नावाचं चिमुकलं पार्टिशन शेवटी जोडतं. फर्मवेअरचं काम भागतं, पण तिसऱ्या टप्प्यावर इन्स्टॉलरच्या कर्नलला एनटीएफएस यायला हवं हा प्रश्न उरतोच.

तिसरा तोटा लेबलचा. फेडोरा आणि रेड हॅटची आयएसओ स्वतःला लेबलवरून शोधतात, आणि ते लेबल लांब असतं. फॅटमध्ये लेबलला फक्त 11 अक्षरं मिळतात. रूफस कॉन्फिग फाइलीत लेबल बदलून घेतं. हाताने फाइली कॉपी केल्या तर ते तुम्हालाच करावं लागतं, नाहीतर ड्रॅकट नसलेल्या लेबलची वाट बघत बसतो. तातडीचा उपाय: ग्रबच्या मेनूत ‘ई’ दाबा, ‘इन्स्ट.स्टेज2=एचडी:लेबल=’ किंवा लाइव्ह आयएसओत ‘रूट=लाइव्ह:सीडीलेबल=’ शोधा, तिथे पेनड्राइव्हचं खरं लेबल लिहा आणि कंट्रोल+एक्स. लेबल शब्दाच्या जागी यूयूआयडी (बीएलकेआयडी दाखवतं तो ओळखक्रमांक) दिलात तरी चालतं; हे शब्द मात्र मोठ्या अक्षरांत. लेबल साधं इंग्रजी, मोठ्या अक्षरांत आणि जागा न सोडता ठेवा.

आणखी एक: विंडोजचा नेहमीचा फॉरमॅट डायलॉग वर्षानुवर्षं 32 जीबीपेक्षा मोठ्या पेनड्राइव्हला फॅट32 चा पर्याय देत आलेला नाही. ती फॅट32 ची मर्यादा नव्हे, त्या डायलॉगची आहे. रूफस किंवा लिनक्सवरचं ‘एमकेएफएस.व्हीफॅट -एफ 32’ (इथला एफ मोठा) 64 आणि 128 जीबीलाही फॅट32 करून देतं.

एका एक्सफॅट पेनड्राइव्हवर अनेक आयएसओ ठेवली आहेत. मेनू येतो, काही चालतात, काही नाही.

उबुंटू 24.04 डेस्कटॉपचं आयएसओ 5 जीबीच्या पुढे आहे, तेव्हा अशी फाइल अख्खी ठेवायला एक्सफॅट किंवा एनटीएफएसच लागतं. अनेक आयएसओंचा मेनू देणारं व्हेंटॉयही पहिलं पार्टिशन एक्सफॅटमध्येच बनवतं आणि शेवटी 32 एमबीचं फॅट ठेवतं.

एक्सफॅट कर्नलमध्ये कधी आलं ते इथे कामाचं आहे. 2019 च्या 5.4 मध्ये ते कच्च्या स्वरूपात, स्टेजिंगमध्ये आलं. सॅमसंगने दिलेला नीट ड्रायव्हर 2020 च्या 5.7 मध्ये. त्याआधी फ्यूजवरचा (कर्नलबाहेर चालणारा) प्रोग्रॅम वापरावा लागे, जो इनिटरॅमएफएसमध्ये सहसा नसतो. म्हणजे 3.10 कर्नलचं सेंटओएस 7, 4.15 चं उबुंटू 18.04 किंवा 4.19 चं डेबियन 10 एक्सफॅटवरच्या आयएसओतून उठवायचं तर कर्नलच्या हाती काही नाही. एनटीएफएस लिहू-वाचू शकणारा एनटीएफएस3 हा पॅरागॉनचा ड्रायव्हर 2021 च्या 5.15 मध्ये आला.

कर्नल नवा असला तरी मॉड्यूल इनिटरॅमएफएसमध्ये भरलेलं असेलच असं नाही. ते घरीच तपासता येतं. आयएसओ लूप माउंट करा (म्हणजे ती फाइल डिस्कसारखी उघडा), आतली इनिटआरडी फाइल घ्या आणि ‘एलएसइनिटरॅमएफएस’, फेडोरात ‘एलएसइनिटआरडी’ चालवून ‘ग्रेप एक्सफॅट’ करा. ओळ आली नाही तर ते आयएसओ एक्सफॅटवरून साध्या लूपबॅकने उठणार नाही.

ग्रबमधून स्वतः लूपबॅक करत असाल तर कर्नलला आयएसओ कुठे आहे ते सांगावं लागतं, आणि प्रत्येकाची तऱ्हा वेगळी: उबुंटू आणि फेडोरा ‘आयएसओ-स्कॅन/फाइलनेम=’, डेबियन लाइव्ह ‘फाइंडआयएसओ=’, आर्च ‘आयएमजी_डेव्ह=’ आणि ‘आयएमजी_लूप=’ दोन्ही. हा पॅरामीटर विसरला तरी एरर तोच येतो, लाइव्ह मीडियम सापडत नाही असा, आणि माणूस विनाकारण फाइलसिस्टिमला दोष देत बसतो.

व्हेंटॉय हे आयएसओ डिव्हाइस मॅपरने वेगळ्या डिस्कसारखं कर्नलपुढे ठेवतं, म्हणून अनेकदा एक्सफॅट न येणारा इन्स्टॉलरही चालतो. नाही चालला तर त्याचा ग्रब2 मोड वापरून बघा. तरीही नाही तर डीडी. एकाच आयएसओसाठी तासभर झगडण्यापेक्षा वेगळा 8 जीबीचा पेनड्राइव्ह घेतलेला बरा.

फाइलसिस्टिम व्हीफॅटच आहे, मॉड्यूलही चढलं, तरी माउंट होत नाही.

डीमेसगमध्ये ‘कोडपेज सीपी437 नॉट फाउंड’ किंवा ‘आयओ कॅरसेट आयएसओ8859-1 नॉट फाउंड’ दिसतं का बघा. फॅटचा ड्रायव्हर एकटा चालत नाही. फाइलींची नावं वाचायला त्याला अक्षरतक्त्यांची दोन छोटी मॉड्यूलं लागतात, ‘एनएलएस_सीपी437’ आणि ‘एनएलएस_आयएसओ8859-1’. हाताने बांधलेल्या कर्नलमध्ये किंवा काटछाट केलेल्या इनिटरॅमएफएसमध्ये नेमकी हीच गळतात. दोन्हींना मॉडप्रोब करा. फक्त दुसरं नसेल तर तातडीपुरतं ‘माउंट -टी व्हीफॅट -ओ आयओकॅरसेट=अ‍ॅस्की’ करून बघा, मात्र ते अ‍ॅस्कीचं मॉड्यूल असेल तरच चालेल.

पेनड्राइव्ह उघडला, पण मराठी नावाच्या फाइलींच्या जागी प्रश्नचिन्हं आहेत.

फाइली शाबूत आहेत. फॅट32 आणि एक्सफॅट दोन्हीही लांब नावं युनिकोडमध्येच साठवतात. माउंट करताना अक्षरतक्ता लॅटिनचा निवडला गेला म्हणून ‘पावती’, ‘सातबारा’ अशी नावं दिसत नाहीत. अनमाउंट करा आणि व्हीफॅट असेल तर ‘-ओ यूटीएफ8=1’ देऊन पुन्हा माउंट करा. ‘आयओकॅरसेट=यूटीएफ8’ हा पर्याय अनेक ठिकाणी सुचवला जातो, पण व्हीफॅटवर त्याने लहान-मोठ्या अक्षरांचा भेद सुरू होतो, म्हणून तो टाळा. प्रश्नचिन्हं दिसत असताना त्या फाइलींची नावं बदलायच्या किंवा कॉपी करायच्या भानगडीत पडू नका. आणि लिनक्सच्या टेक्स्ट कन्सोलवर देवनागरी दिसत नाही ते फाँटमुळे; त्याचा माउंटशी संबंध नाही.

इन्स्टॉलर वायफायचं फर्मवेअर मागतोय. दुसऱ्या पेनड्राइव्हवर ठेवलंय, तरी सापडत नाही.

तो दुसरा पेनड्राइव्ह बहुधा एनटीएफएस किंवा एक्सफॅट आहे. फॅट32 करा आणि फाइली सर्वांत वरच्या पातळीवर किंवा ‘फर्मवेअर’ नावाच्या फोल्डरमध्ये ठेवा. त्यापेक्षा डेबियन 12 किंवा पुढचं आयएसओ घ्या. 2023 पासून अधिकृत आयएसओतच हे फर्मवेअर असतं.

पेनड्राइव्ह ठीक आहे, पण लॅपटॉपमधलं विंडोजचं पार्टिशन ‘अननोन फाइलसिस्टिम टाइप’ म्हणतं.

एररमधलं अवतरणातलं नाव वाचा.

‘बिटलॉकर’: पार्टिशन कूटबद्ध आहे. आधी विंडोजमध्ये रिकव्हरी की काढून लॅपटॉपबाहेर जपून ठेवा, मग डिव्हाइस एन्क्रिप्शन बंद करा आणि डिक्रिप्शन पूर्ण होऊ द्या. पार्टिशन लहान करणं त्यानंतर. नुसतं वाचायचं असेल तर क्रिप्टसेटअप 2.3 पासून बिटलॉकर उघडू शकतं.

‘एलव्हीएम2_मेंबर’: ही फाइलसिस्टिमच नाही, आत वेगवेगळी व्हॉल्यूम असलेला डबा आहे. ‘व्हीजीचेंज -एवाय’ चालवा, मग /डेव्ह/मॅपरमध्ये खरी व्हॉल्यूम दिसतील. ‘क्रिप्टो_लक्स’ला (लिनक्समध्ये कूटबद्ध केलेलं पार्टिशन) आधी ‘क्रिप्टसेटअप ओपन’, आणि ‘लिनक्स_रेड_मेंबर’ला (अनेक डिस्कच्या रेड गटाचा भाग) ‘एमडीएडीएम’.

‘एनटीएफएस’: इथे नावाचा घोळ आहे. बीएलकेआयडी टाइप ‘एनटीएफएस’ सांगतं, पण ड्रायव्हरचं नाव ‘एनटीएफएस3’. एनटीएफएस-3जी हा कर्नलबाहेरचा ड्रायव्हर टाकलेला नसेल तर नुसतं माउंट फसू शकतं. ‘माउंट -टी एनटीएफएस3’ स्पष्ट द्या. रेड हॅटच्या कर्नलमध्ये हा ड्रायव्हर नसतो, तिथे एपेल या जादा पॅकेज-भांडारातलं एनटीएफएस-3जी. आणि तक्रार ‘व्हॉल्यूम इज डर्टी’ किंवा विंडोजच्या कॅशेबद्दल असेल तर सपोर्टची काही उणीव नाही: फास्ट स्टार्टअपमुळे विंडोज अर्धवट झोपलेलं आहे. विंडोजमध्ये अ‍ॅडमिन म्हणून ‘पॉवरसीएफजी /एच ऑफ’, मग पूर्ण शटडाउन. ‘फोर्स’ देऊन लिहू नका.

मॅकचं एपीएफएस कर्नलमध्ये नाही. एचएफएस प्लस वाचता येतं.

दुसऱ्या, नव्या डिस्ट्रोत केलेलं ईएक्सटी4 पार्टिशन जुन्या इन्स्टॉलरला नको आहे. ईएक्सटी4 तर ईएक्सटी4 च ना?

नाव तेच, फीचर्स वेगळी. 2023 च्या ई2एफएसप्रोग्ज (ईएक्सटी4 बनवणारी साधनं) 1.47.0 पासून ‘ऑर्फन_फाइल’ आणि ‘मेटाडेटा_सीसम_सीड’ ही दोन फीचर्स मूळ सेटिंगमध्ये चालू झाली. पहिल्यामुळे जुना एफएससीके (डिस्क तपासणारा प्रोग्रॅम) ‘फीचर_सी12’ न कळल्याची तक्रार करून थांबतो आणि बूट इमर्जन्सी शेलवर येऊन अडकतं. दुसरं जुन्या ग्रबला कळत नाही, म्हणून त्या पार्टिशनवर बूट असेल तर थेट ‘अननोन फाइलसिस्टिम’. डेबियन 12 ने ही दोन्ही मुद्दाम बंद ठेवली आहेत.

‘ट्यून2एफएस -एल’मध्ये फीचर्सची ओळ बघा. मग पार्टिशन अनमाउंट असताना, नव्या डिस्ट्रोच्याच लाइव्ह पेनड्राइव्हवरून: ‘ट्यून2एफएस -ओ ^ऑर्फन_फाइल,^मेटाडेटा_सीसम_सीड /डेव्ह/एसडीए2’, यातला ओ मोठा. आधी ‘ई2एफएससीके -एफ’ आणि बॅकअप.

एक्सएफएसचंही असंच आहे, पण तिथे अशी नवी फीचर्स मागाहून सहसा काढता येत नाहीत. बनवतानाच ‘एमकेएफएस.एक्सएफएस’ला ‘/यूएसआर/शेअर/एक्सएफएसप्रोग्ज/एमकेएफएस’मधली जुन्या कर्नलची तयार सेटिंग फाइल द्या, किंवा सरळ /बूटसाठी 1 जीबीचं वेगळं ईएक्सटी4 करा.

इन्स्टॉलरच्या यादीत मला हवी ती फाइलसिस्टिमच नाही.

तो त्या डिस्ट्रोचा निर्णय असतो. रेड हॅटने 8 पासून बीटीआरएफएस काढून टाकलं. फेडोरात मात्र तेच वर्कस्टेशनचं नेहमीचं आहे. झेडएफएस सीडीडीएल परवान्यामुळे मूळ कर्नलमध्ये नाही, उबुंटू 16.04 पासून त्याचं मॉड्यूल सोबत देतं, इतरत्र बांधून घ्यावं लागतं, आणि सिक्युअर बूट चालू असेल तर सही नसलेलं मॉड्यूल ‘की रिजेक्टेड’ म्हणून परत येतं. रायझरएफएस कर्नल 6.13 मधून, 2025 मध्ये, गेलं. जुनी रायझरएफएस डिस्क असेल तर जुन्या लाइव्ह आयएसओने डेटा आत्ताच काढून घ्या.

इन्स्टॉल झालं. पेनड्राइव्ह काढून रीबूट केलं आणि कर्नल पॅनिक: ‘अनेबल टु माउंट रूट एफएस’.

पुढच्या कंसातले दोन आकडे सगळं सांगतात. ‘अननोन-ब्लॉक(0,0)’ म्हणजे कर्नलला डिस्कच ओळखता आली नाही. बहुतेक वेळा इनिटरॅमएफएस चढलेलंच नसतं. बूट पार्टिशन भरलं की अर्धवट फाइल लिहिली जाते, आधी ‘डीएफ’ने जागा बघा. ‘(8,1)’ किंवा ‘(259,2)’ असं काही असेल तर डिस्क मिळाली (8 म्हणजे साटा-यूएसबी, 259 म्हणजे सहसा एनव्हीएमई), पण त्यावरची फाइलसिस्टिम कळली नाही.

लाइव्ह पेनड्राइव्हवरून रूट /एमएनटीवर माउंट करा, /बूट आणि ईएफआय आपापल्या जागी, मग /डेव्ह, /प्रॉक, /सिस बाइंड करून सीएचरूट. आत गेल्यावर डेबियन-उबुंटूत ‘/ईटीसी/इनिटरॅमएफएस-टूल्स/मॉड्यूल्स’मध्ये फाइलसिस्टिमचं नाव एका ओळीवर लिहा आणि ‘अपडेट-इनिटरॅमएफएस -यू -के ऑल’. फेडोरात ‘ड्रॅकट -एफ --रीजनरेट-ऑल’. आर्चमध्ये ‘एमकेइनिटसीपीआयओ -पी’, यातला पी मोठा.

/प्रॉक/पार्टिशन्समध्ये पेनड्राइव्हची ओळच नाही.

मग फाइलसिस्टिमवर खापर फोडणं म्हणजे चोर सोडून संन्याशाला फाशी. पेनड्राइव्ह काढून पुन्हा लावा आणि डीमेसग बघा. नवी ओळच आली नाही तर दुसरा पोर्ट, शक्यतो मशीनच्या मागचा, हबशिवाय. जुन्या कर्नलला काही नवे यूएसबी 3 कंट्रोलर कळत नाहीत, तिथे यूएसबी 2 चा पोर्ट कामी येतो. ओळ आली पण डिस्क बनली नाही तर ‘मॉडप्रोब यूएसबी_स्टोरेज’ आणि ‘मॉडप्रोब यूएएस’. पेनड्राइव्ह उशिरा जागा होत असेल तर कर्नलच्या ओळीत ‘रूटडिले=15’ जोडा.

डिस्क दिसते, माउंट होते, आणि मग ‘स्क्वॉशएफएस एरर’च्या ओळींचा पाऊस पडतो: डेटा खराब आहे. आयएसओचा ‘शा256सम’ (पडताळणीचा आकडा) जुळवा. तो बरोबर असेल तर पेनड्राइव्ह बदला. रस्त्यावर स्वस्तात मिळणारे ‘2 टीबी’चे पेनड्राइव्ह पुष्कळदा आतून 8-16 जीबीचे असतात, ‘एफ3प्रोब’ किंवा विंडोजवर एच2टेस्टडब्ल्यू चालवलं की खरा आकार कळतो.

काम झालं. आता विंडोज म्हणतं पेनड्राइव्ह फक्त काही एमबीचा आहे आणि फॉरमॅट करा.

ती विंडोजला दिसणारी ईएफआय पार्टिशन आहे. नुसता फॉरमॅट केलात तर तेवढीच जागा मिळेल. ‘डिस्कपार्ट’, ‘लिस्ट डिस्क’, आकारावरून पेनड्राइव्ह ओळखून ‘सिलेक्ट डिस्क 1’, ‘क्लीन’, ‘क्रिएट पार्टिशन प्रायमरी’, ‘फॉरमॅट एफएस=एक्सफॅट क्विक’. ‘क्लीन’च्या आधी पुन्हा एकदा ‘लिस्ट डिस्क’ करा आणि तारांकन कोणत्या डिस्कसमोर आहे ते बघा. लिनक्सवर ‘वाइपएफएस -ए /डेव्ह/एसडीबी’ आणि मग जीपार्टेडमध्ये नवं पार्टिशन टेबल.